एका वारेचे दोन भाऊ आणि एक पेला दूध

जोतिबाच्या यात्रेसाठी बंगळुरूहून गावी आलेला चौतीस वर्षांचा एक तरुण माझ्या दवाखान्यात आला तो पोट धरूनच. आदल्या संध्याकाळी भावाबरोबर कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेला होता. तिथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच हातात देतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून दोघं यायचे. त्या आठवणीत एकेक मोठा पेला रिचवला. तासाभरात याच्या पोटात गुडगुड सुरू झाली, मग पोट फुगलं, मग रात्रभर संडासच्या फेऱ्या. भाऊ घरी जाऊन भाकरी-आमटी हाणून घोरत पडला होता.

अशी माणसं आठवड्याला दोन तरी येतात. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्याच्या मागून आत आलेल्या भावामुळं. तेच नाक, तोच आवाज, तीच चालायची ढब. माझा कंपाउंडर केसपेपरकडे आणि त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. जुळे. बरोबर आईही होती आणि खरा प्रश्न तिनंच टाकला. "डॉक्टर, दोगं एका पोटात वाढली, एका ताटात जेवली. मग एकाचं पोट असं आणि एकाचं तसं कसं वो?"

(दोघांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. अकरा मिनिटं आधी जन्मलेला तो थोरला, दुसरा धाकटा.)

थोरला गावातच राहिला. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला घर, ऊस, गोठ्यात सहा म्हशी. विशीपर्यंत तालमीत होता. अंगाला माती लागायची बंद झाली तरी दुधाची सवय सुटली नाही. सकाळी एक तांब्या, रात्री एक पेला. धाकटा बाविसाव्या वर्षी नोकरीला बंगळुरूला गेला. तिथं मेसचं जेवण, भात-सांबार, काळी कॉफी. दूध चहापुरतंही नाही. बारा वर्षांत दोन वेळा अँटिबायोटिकचे मोठे कोर्स झाले, एकदा टायफॉईडसाठी आणि एकदा दाढेसाठी.

पहिले दोन अंदाज, दोन्ही चुकलेले

माझा पहिला संशय कच्च्या दुधावर. धारोष्ण दुधाबद्दलचं माझं मत कोल्हापुरात कुणाला रुचत नाही, पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा ताप) येतो, क्षयही येऊ शकतो, आणि साधा जुलाब तर येतोच. मात्र चार दिवसांनी घरचं, तीनदा उतू गेलेलं दूध प्यायल्यावरही धाकट्याचं तेच झालं. दही खाल्लं तर काही नाही, ताकानं काही नाही. मटणाच्या ताटावर बसला, तांबडा-पांढरा वाट्या भरभरून ओरपला, तरी काही नाही. (पांढऱ्या रश्शात दूध असतं असं बाहेरच्यांना वाटतं. असतं ते नारळाचं, आणि त्यात दुधातली साखर नसते.) म्हणजे दोष दुधातल्या जंतूंचा नव्हता, दुधातल्या साखरेचा होता. लॅक्टोज.

लॅक्टोज पचवायला लहान आतड्यात लॅक्टेझ नावाचं विकर लागतं. ते या साखरेचे दोन तुकडे करतं, तुकडे रक्तात शोषले जातात, विषय संपला. लॅक्टेझ नसेल तर साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथल्या जंतूंच्या तावडीत सापडते. ते ती आंबवतात, वायू होतो, साखर पाणी ओढून घेते, आणि पुढचं धाकट्यानं रात्रभर भोगलं. या वायूतला हायड्रोजन रक्तात जातो आणि श्वासातून बाहेर पडतो. म्हणून श्वासाची तपासणी: रात्रभर उपाशी राहून सकाळी लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि दर अर्ध्या तासानं पिशवीत फुंकायचं. हायड्रोजन मुळातल्या आकड्यापेक्षा दहा लाखांत २० भागांनी वाढला, तर लॅक्टोज पचलेलं नाही असं धरतात.

पुण्यात दोघांची तपासणी करून घेतली. थोरला आधी तयार नव्हता. "मला काय झालंय म्हणून फुंकू?" शेवटी आईनं दटावल्यावर गाडीत बसला. धाकट्याचा आकडा ६ वरून ७४ वर गेला, आणि तिथल्याच बाकावर तो पोट दाबून बसला. थोरल्याचा ४ वरून ११ वर जाऊन थांबला. तो तोवर बाहेर वडापाव कुठं मिळेल याची चौकशी करत होता.

इथं माझा दुसरा अंदाज. थोरल्याला लॅक्टेझ आहे, धाकट्याला नाही. तेव्हा त्यांची जनुकं वेगळी, तेव्हा ते एकसारखे दिसले तरी एका बीजाचे (एकाच बीजाचे दोन होऊन झालेले, म्हणून जनुकं सारखी असलेले) जुळे नसणार. मी आईला विचारलं, "मावशी, वार एक होती का दोन?" घरात बाळंतपण झालेलं, सुईण कधीच वारलेली, पण आईला पक्कं आठवत होतं. "एकच. आनी लई मोठी." वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लासेंटा; ती एक असली तर बहुधा बीजही एकच. हा शंभर टक्के पुरावा नव्हे, दोन वारा चिकटून एक दिसू शकतात. पण रक्तगट एक, चेहरा एक, टाळूवरचा भोवराही एकाच बाजूला.

मग दवाखान्यातच करता येईल अशी एक जुनी, स्वस्त तपासणी केली. थोरल्याला पन्नास ग्रॅम लॅक्टोज पाजलं, म्हणजे साधारण लिटरभर दुधात असतं तेवढं, आणि दोन तास त्याची रक्तातली साखर मोजत राहिलो. लॅक्टेझ असतं तर लॅक्टोजचे तुकडे होऊन रक्तातली साखर किमान २० मिलिग्रॅमनं तरी चढली असती. ८८ होती, ती ९४ च्या वर गेलीच नाही. पोट जरा गुरगुरलं म्हणाला, एवढंच.

म्हणजे थोरल्यालाही लॅक्टेझ नाही! रोज तांब्याभर दूध पिणारा, तालमीत वाढलेला हा गडी दूध 'पचवत'च नव्हता. त्याच्यासाठी ते दुसरंच कुणीतरी पचवत होतं.

शंका नको म्हणून जनुकाची तपासणीही पाठवली. लॅक्टेझच्या जनुकाच्या अलीकडे, डीएनएच्या लिपीत १३,९१० अक्षरं मोजली की, एक जागा आहे. तिथं 'सी' च्या ऐवजी 'टी' असेल, तर लॅक्टेझ मोठेपणीही बनत राहतं; दोन्ही प्रतींत 'सी' असेल, तर अंगावरचं दूध सुटल्यानंतर काही वर्षांत त्याची पातळी घसरते. दोघा भावांचा अहवाल सारखाच आला: सी-सी. हा 'टी' भारतात वायव्येकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे येताना विरळ होत जातो. तेव्हा आपल्या दुधाच्या गावात लॅक्टेझ नसलेली माणसं भरपूर असणार आणि त्यातली कित्येक खुशाल दूध पीत असणार, असं मला आता वाटतं. तालमीतल्या गड्यांची रक्तातली साखर एकदा अशी तपासून बघायची फार इच्छा आहे. वस्ताद आत घेतील असं वाटत नाही.

मग हे काम कोण करतं

आपल्या अंगावर-अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात असा २०१६ सालचा हिशेब आहे. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. त्या सगळ्या जीवाणूंचं वजन मात्र पावकिलोच्या आत, आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. यांत बायफिडोबॅक्टेरिया नावाचं एक घराणं आहे. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाच्या पोटात त्यांचंच राज्य असतं, पुढं ते ओसरतं. हे जंतू लॅक्टोज आंबवतात, पण त्यांच्या पद्धतीत हायड्रोजन तयारच होत नाही, म्हणून श्वासाच्या तपासणीत त्यांचं काम दिसत नाही. आम्लं तयार होतात आणि ती शरीर वापरून टाकतं.

जनुकं आणि पोटातले जंतू यांचा संबंध शोधणाऱ्या मोठमोठ्या पाहण्यांत सगळ्यात पक्कं, पुन्हा पुन्हा सापडलेलं नातं कुठलं, तर लॅक्टेझचं जनुक आणि बायफिडोबॅक्टेरिया यांचं. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात ते दिसलं, हॉलंडच्या ७,७३८ जणांच्या पाहणीत २०२२ मध्ये पुन्हा दिसलं. आणि नातं उलटं वाटावं असं आहे: ज्यांना लॅक्टेझ *नाही*, त्यांच्यात बायफिडोबॅक्टेरिया जास्त. जरा थांबून पाहिलं की लक्षात येतं. लॅक्टेझ असलेल्या माणसाचं दूध वरच्या वरच संपतं, खालच्या पंगतीपर्यंत काही पोचतच नाही. लॅक्टेझ नसलेल्याचं सगळं लॅक्टोज खाली उतरतं आणि त्यावर हे घराणं पोसलं जातं.

पण हे कधी? दूध प्यायलं तर. सी-सी असलेला माणूस दूध पीतच नसेल, तर त्याचं जनुक गप्प बसून राहतं, खाली काही उतरत नाही आणि बायफिडोबॅक्टेरियाला त्याचा काही लाभ नाही. एवढंच या प्रकरणातलं मर्म. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या जनुकात तसूभर फरक नव्हता. जनुकानं फक्त एक झडप उघडी ठेवली होती. त्या झडपेतून थोरल्यानं रोज दूध ओतलं, धाकट्यानं बारा वर्षं थेंबही ओतला नाही. म्हणून एकाच्या पोटात कामाला तयार असलेली टोळी, दुसऱ्याच्या पोटात एकाएकी आलेल्या वीस ग्रॅम लॅक्टोजवर तुटून पडून नुसता वायू करणारे भलतेच जंतू. 'किती टक्के रक्ताचं, किती टक्के हवापाण्याचं' असा प्रश्न लोक विचारतात. या दोन भावांपुरता तो प्रश्नच चुकीचा आहे, आणि दोघांना समोर बसवून हे सांगताना मला तो पहिल्यांदा नीट कळला.

लोकसंख्येच्या पातळीवर मात्र तो विचारता येतो आणि विचारला गेला आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेनं २०१८ मध्ये १,०४६ जणांचा अभ्यास छापला. त्यांचे पूर्वज वेगवेगळ्या देशांतले, पण आताचं राहणं-खाणं बरंचसं सारखं. त्यांच्या हिशेबानं माणसामाणसातल्या जंतूंच्या फरकापैकी आनुवंशिक वाटा २ ते ८ टक्क्यांच्या आसपासचा, तर आहार, औषधं, शरीराची मापं अशा गोष्टींशी जोडता येणारा वाटा वीस टक्क्यांहून जास्त. उरलेला मोठा भाग अजून कुणालाच नीट उलगडलेला नाही. त्यातलं मला आवडलेलं निरीक्षण वेगळंच आहे: रक्ताचं नातं नसलेली, पण एका घरात राहणारी माणसं जंतूंच्या बाबतीत एकमेकांसारखी होतात.

म्हणून 'जनुकांचं काहीच नाही' असंही कुणी म्हणू नये. ब्रिटनमधल्या ४१६ जुळ्या जोड्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात एका बीजाच्या जुळ्यांचे जंतू दोन बीजांच्या जुळ्यांपेक्षा जास्त सारखे निघाले. क्रिस्टेन्सेनेलासी नावाचं कुळ त्यात सगळ्यात आनुवंशिक ठरलं, आणि ते सडपातळ माणसांत जास्त आढळलं. रक्तगटाचाही थोडा परिणाम दिसतो, कारण 'ए' गटाची खास साखर काही लोकांच्या आतड्यातल्या शेंबड्या थरातही असते आणि काही जंतू ती खातात. (यावरून 'रक्तगटानुसार आहार' विकणाऱ्यांनी खूश होऊ नये. त्याचा याच्याशी संबंध नाही.)

वहिनींची साक्ष

प्रकरण इथवर आलं तेव्हा माझा साक्षीदार घरातच होता आणि मी त्याला विचारलंच नव्हतं. थोरल्याची बायको. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. माहेर गडहिंग्लज भागातलं, घरात जनावर नव्हतं, दूध चहापुरतं. मी घरी गेलो तेव्हा ती चुलीपाशी उभी होती, पातेल्यात दूध चढत होतं आणि ती उलथन्यानं साय बाजूला सारत होती.

"मला पण असंच व्हायचं," ती सहज म्हणाली. "नवीन आले तेव्हा सासूबाई रोज रात्री पेला भरून द्यायच्या. नको म्हणायची सोय नव्हती. अर्धा प्यायचे, अर्धा गुपचूप मांजराला. पोट फुगायचं, कुणाला सांगणार? वरीसभरानं आपोआप बंद झालं. मला वाटलं, इथलं पाणी मानवलं."

पाणी मानवलं! आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या हे म्हणत आल्या आहेत. सासरी आलेल्या मुलीच्या आतड्यात काय घडतं त्याला याहून नेमका शब्द मला मराठीत सापडलेला नाही. तिची जनुकं या घराची नव्हेत. तिच्या पोटातले जंतू मात्र दीरापेक्षा नवऱ्याच्या जास्त जवळचे असतील, अशी मी पैज लावायला तयार होतो. २०२३ मध्ये ९,००० हून जास्त नमुने तपासलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हेच दिसलं आहे: बाळाच्या पहिल्या वर्षात त्याचे निम्मे जंतूवाण (एकाच जातीच्या जंतूंचे उपप्रकार) आईच्याच वाणांशी जुळतात, पुढं घरात बरोबर राहणारे एकमेकांना वाण देत-घेत राहतात, आणि जुळे जितकी वर्षं लांब राहतील तितके त्यांचे सामाईक वाण कमी होत जातात. पुण्यातल्या संशोधकांनीही २०१२ मध्ये एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे जंतू तपासले होते. आपल्याकडची घरं अशा कामाला सोन्यासारखी आहेत.

पैज लावायची संधी आली ती विचित्र वाटेनं. धाकट्यानं बंगळुरूत असताना ऑनलाइन मागवून शौचाची तपासणी केली होती. कंपनीचं नाव घेत नाही. रंगीत चकत्यांचा चोवीस पानी अहवाल, वर शंभरपैकी गुण, शेवटी त्याच कंपनीच्या पुड्या घेण्याचा सल्ला. त्याच्याच हट्टानं थोरल्याचा आणि वहिनींचाही नमुना गेला. तिघांतही प्रीव्होटेला नावाचे जंतू भरपूर. धान्य-कडधान्यावर जगणाऱ्या भारतीय पोटात ते असतातच. बायफिडोबॅक्टेरिया थोरल्यात आणि वहिनींत ठळक, धाकट्यात नावापुरते. पैज जिंकलो, पण मोठं यश मानत नाही. एका दिवसाचा एक नमुना म्हणजे नदीतून एक तांब्या. शिवाय अहवालात सगळ्यात जास्त गुण कुणाला? रात्रभर संडासात बसणाऱ्या धाकट्याला. थोरला म्हणाला, "म्हंजे मी नापास?"

अँटिबायोटिकवर खापर फोडायचा मोह मलाही झाला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देऊन तिघा निरोगी माणसांचे जंतू दहा महिने तपासलेला २०११ सालचा एक अभ्यास आहे. तीन-चार दिवसांत घडी विस्कटली, पुढं प्रत्येकाची आपापल्या तऱ्हेनं सावरली, पण जशीच्या तशी नाही. तरी धाकट्याच्या बाबतीत शेवटचा कोर्स होऊन तीन वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं दूध बंद हे कारण एकटंच पुरेसं होतं. पुराव्याबाहेर जाऊन औषधाला आरोपी करणं मला पटलं नाही.

अडीच आठवड्यांचा प्रयोग

धाकट्याला घरून काम करायची मुभा होती. मी म्हटलं, महिनाभर राहणारच आहेस तर करून बघू. लॅक्टेझ नसलेल्या माणसांना दहा दिवस रोज वाढतं लॅक्टोज दिलं की श्वासातला हायड्रोजन उतरतो, हे १९९६ मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं आहे. आम्ही वाटीनं मोजलं. पहिले तीन दिवस पाव वाटी उकळलेलं दूध, सकाळ-संध्याकाळ, तेही भाकरीबरोबर. उपाशीपोटी नाही, कारण अन्नाबरोबर दूध सावकाश खाली उतरतं. मग अर्धी वाटी, मग पाऊण. पाचव्या दिवशी यानं शहाणपणा करून एकदम पेलाभर बासुंदी मारली आणि पुन्हा पोट धरून आला. दोन दिवस मागं गेलो.

एक सावधगिरी ठेवावी लागली. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये असाच प्रयोग झाला तेव्हा अर्ध्या लोकांना लॅक्टोजऐवजी साधी साखर दिली होती, आणि बरं वाटायला लागलं ते दोन्ही गटांना! फरक होता तो मोजमापात; जंतूंचं वागणं बदललेलं फक्त लॅक्टोजच्या गटात दिसलं. म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर न थांबता धाकट्याला पुन्हा फुंकायला पाठवलं. पहिल्या वेळी ७४, या वेळी २८. मुळातला आकडा ५ होता, म्हणजे कागदावर तो अजून 'पॉझिटिव्ह'च. पण त्या दिवशी बाकावर पोट दाबून बसला नाही. थोरल्यासारखा ११ वर यायला किती दिवस लागले असते, की आलाच नसता, ते समजायच्या आत सुट्टी संपली.

दह्याचंही त्याला सांगितलं. दह्यातले जंतू लॅक्टोज कापायची कात्री स्वतःबरोबर घेऊन येतात आणि आपल्या आतड्यात जाऊनही ती चालवतात, हे १९८४ पासून माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून दह्या-ताकानं त्याला त्रास नव्हता. बंगळुरूत निदान ते चालू ठेव म्हटलं.

आईला हे सगळं समजावताना मात्र माझी दमछाक झाली. जनुक, झडप, टोळी, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे पोटात बी गोठाच हाय म्हना की. वैरण घातली तर जनावर ऱ्हातंय."

जाताना ठरलं होतं की धाकटा रोज अर्धी वाटी दूध घेईल. अर्थातच घेतलं नाही. पावसाळ्यात फोन आला तेव्हा म्हणाला, "सायेब, तिकडं दुधाला चव न्हाय." दिवाळीला मात्र तो दवाखान्यात डोकावला, तब्येत दाखवायला नव्हे, फराळाचा डबा द्यायला. निघायच्या आधी दोन आठवडे बंगळुरूतच पाव वाटीपासून सुरुवात केली होती म्हणे. "कुस्तीआधी मेहनत मारत्यात, तसं." दारात थोरला गाडी चालू ठेवून उभा होता. कुठं निघालात म्हणून विचारलं तर दोघं एकदम हसले आणि गंगावेशीच्या दिशेनं बोट दाखवलं. उकळून प्या रे, असं मी ओरडलो, पण तोवर गाडी वळली होती.